मुंबईचे साहेब

लग्नाच्या शूटिंगचा कॅमेरा मागून आणून ऋषिराज कोऱ्हाळ्यात लोकांची फिरकी घेणारी फिल्म काढत होता. बौद्धवाड्यातला त्याचा बालमित्र संघपाल टाय लावून, खोटी मिशी चिकटवून मुंबईचा टीव्हीवाला झाला. ऋषिराजच्या आजीनंही त्याला ओळखलं नाही.

"आजी, टीव्ही बघून म्हशी जास्त दूध देतात का?"

"जाहिराती लागल्या की आटतं बघा, सायेब! घ्या, च्या घ्या," म्हणत तिनं पाहुण्यांची कपबशी पुढं केली.

कॅसेट बघताना सगळे मित्र हसून लोळले. ऋषिराजनं मात्र मान खाली घातली. "चहाचं तेवढं कापतो," तो पुटपुटला.



"ऱ्हाऊ दे, ऋषी," संघपाल म्हणाला. "इतकी वर्षं येतोय, पण तुमच्या घरातला कप माझ्या हातात त्याच दिवशी आला."