शेपूट हललं का?

घोडीवरून उतरलेला रुस्तुम घोडा दोन पावलं मागं सरला आणि भिंत ढासळावी तसा आडवा झाला. हातातल्या दोराला हिसका बसून मोतद्दार नबीलालही गुडघ्यांवर आला. त्यानं घोड्याच्या नाकपुड्यांपुढं तळहात धरला. श्वास लागेना.

आई मेलेलं हे शिंगरू त्यानं बाटलीनं दूध पाजून वाढवलं होतं. पुढं त्याच्याकडून फळवायला लांबलांबून घोड्या येऊ लागल्या.

रणनवरे मालक धावत आले. त्यांनी मेलेल्या घोड्याकडं पाहिलं, मग घोडीकडं.

"शेपूट हललं का रे?"

काम झालं की घोड्याचं शेपूट वरखाली हलतं, हे फार्मवर सगळ्यांना ठाऊक. पण मढ्याच्या उशाशी उभं राहून हे विचारायचं? दोर मालकांच्या तोंडावर फेकावा, असं नबीलालला वाटलं. तरी उत्तर आलंच, "हललं, मालक. नीट बघितलं मी."

मालकांनी घोडी सावलीत बांधली. मग परत येऊन ते मातीतच बसले आणि रुस्तुमच्या मानेवर हात ठेवला. त्यांचा आवाज चिरकला. "आधी धाप लागली होती का त्याला? पाय लटपटत होते?"

नबीलाल आठवू लागला. डोळ्यांपुढं नुसतं शेपूटच येत राहिलं.