लिफ्टवरचा नवा बोर्ड

प्राध्यापक सोमशेखर बिराजदार सोलापूरच्या कॉलेजात अमेरिकेचा इतिहास शिकवतात. त्या दिवशी धर्मजागृतीच्या लाटेवर तास होता. "माळावर तंबू ठोकले जायचे, प्रवचन ऐकून हजारो माणसं ढसाढसा रडायची. गुलामांचे मालकसुद्धा!"

"मग त्यांनी गुलाम सोडले का, सर?" समरानं विचारलं.

"काहींनी सोडले की. पण बरेच जण बिलंदर! गुलामाला 'बंधू' म्हणायला लागले आणि परत कापूस वेचायला धाडलं."

वर्ग खो-खो हसला. सर तर सगळ्यात मोठ्यानं हसले.

त्याच आठवड्यात सरांच्या सोसायटीसमोरच्या मैदानावर एका महाराजांचं सात दिवसांचं प्रवचन झालं. सगळ्यांचा आत्मा एकच, हे ऐकून सर मांडवातच रडले. डोळे पुसत लिफ्टनं चौथ्या मजल्यावर आले, तर त्यांच्याकडे धुणीभांडी करणारी महानंदा जिन्यानं वर येऊन दारात धापा टाकत उभी होती.

"सर, गुडघं लई दुखत्यात वो. त्या लिफ्टवरच्या बोर्डाचं कायतरी करा की. चेअरमन तुमीच की!"

बोर्ड जुनाच होता: 'कामवाल्या बायकांनी लिफ्ट वापरू नये.'

सरांना पुन्हा भरून आलं. "उद्याच्या उद्या बदलतो, महानंदा."

सर शब्दाला जागले. सकाळी लिफ्टवर नवाकोरा बोर्ड लागला होता.

 

'कामवाल्या भगिनींनी लिफ्ट वापरू नये.'