बोगदेकाकांचा उंदीर

सांगून कुणाला पटायचं नाही, पण तीस वर्षांत एक कुलूप न चुकलेल्या माणसानं भर दुपारी आठ तासांच्या वाटेवरल्या एका खोलीचं दार आतून लावलं आणि स्वतः बाहेर राहिला. तेही खुर्चीतून न उठता, एका बोटानं.

तो माणूस म्हणजे बोगदेकाका. कंपनीच्या लांबलांबच्या मशिनी ऑफिसला व्हीपीएननं जोडायचं काम त्यांचं. व्हीपीएन म्हणजे काय, असं कुणी विचारलं की ते म्हणत, "बोगदा हो! भर रस्त्याखालून जायचं, पण कुणाला दिसायचं नाही." तेव्हापासून नाव चिकटलं. आज धरणावरच्या मशीनला बोगदा खणायचा होता. तिथं मोबाइलला रेंज नाही. डोंगरावरून एकच तार उतरते. पाण्याच्या पातळीचे आकडे तिच्यातूनच येतात आणि पहारेकऱ्याच्या टेबलावरचा फोनही तिच्यावरच चालतो.

सकाळपासून काकांच्या स्वतःच्या कॉम्प्युटरनं छळ मांडला होता. नवीन काही टाकायला गेलं की 'परवानगी नाही'. परवानगीचा अर्ज उघडायला व्हीपीएन लागतं आणि व्हीपीएन टाकायला परवानगी लागते. मुख्य कार्यालयात फोन केला, तर तिथला साहेब म्हणाला, "काका, हेच जरा ऑनलाइन कळवा ना."

"अहो, विहिरीत पडलेल्याला सांगताय, वर या आणि दोर घेऊन जा!"

"तक्रार नोंदवून घेऊ?"

"घ्या!"

"ती ऑनलाइनच घेतो आम्ही."

परवानगी आली तेव्हा पावणेतीन वाजले होते आणि काकांच्या डोक्याचा भुगा झाला होता. सहाला मुलीचं विमान उतरणार होतं. चार वर्षांनी येत होती, एका रात्रीपुरती. उद्या सकाळी तिचं पुढचं विमान. काका नवा शर्ट घालून ऑफिसला आले होते, आणि काकूंचा तीनदा फोन येऊन गेला होता: "विमान काही तुमच्यासाठी वर घिरट्या घालायचं नाही."

घाईचं काम. काकांनी धरणावरच्या मशीनला आधी हुकूम सोडला की आजपासून ये-जा फक्त बोगद्यातून, बाकी सगळी दारं बंद. मशीन आज्ञाधारक. तिनं दारं लावली. बोगद्याचं दुसरं तोंड मात्र अजून उघडायचं होतं, आणि काका स्वतः उभे होते जुन्याच दारात. कॉम्प्युटरचा पडदा गोठला तो गोठलाच.

तिथं कुणी जाऊन एक बटण दाबलं असतं तरी भागलं असतं. पण मशीन बॅटरीसकट जाळीच्या कपाटात, आणि कपाटाची किल्ली काकांच्या खिशात. किल्ली दुसऱ्याच्या हाती द्यायची नाही, हा नियम काकांचाच. ज्याच्या हातून मशीन बंद पडेल त्यानं त्याच दिवशी तिथं जायचं, हाही त्यांचाच. या नियमापायी त्यांनी आजवर चार जणांना आठ-आठ तास बसमध्ये हाडं मोजायला लावली होती.

त्यांनी धरणावर फोन लावला.

"ऐक रे भाऊ. आमच्या ऑफिसच्या मोठ्या मॅडम विचारतील. तार उंदरानं कुरतडली, एवढंच सांग. जोडायला लाइनमन येईल, मी उद्या सकाळी निघतो. मला फक्त आजची संध्याकाळ हवी, पोरीसाठी."

"पोरगी येतेय ना? काळजीच सोडा, काका," पहारेकरी म्हणाला. "उंदीर माझ्याकडे लागला."

तेवढ्यात मॅडम दारात उभ्या. "धरणाचे आकडे का थांबलेत?"

"उंदीर, मॅडम. तार तोडली मेल्यानं. हा पहारेकरी, फोनवरच आहे."

मॅडमनी पुढे होऊन स्पीकरचं बटण दाबलं.

"नमस्कार मॅडम!" पहारेकऱ्याचा आवाज खणखणीत आला. "उंदीर कसला, मांजर म्हणा. मी काठी उगारली तर मागच्या पायांवर उभा राहून बघत होता माझ्याकडे. शेपूट तर इथून फाटकापर्यंत."

काका फोनला हातानं 'पुरे, पुरे' करत होते. फोनला डोळे कुठले!

"तारेचे दोन तुकडे केले मॅडम. एक तर घेऊनच गेला."

"कुठं?"

"बिळात. बायकोला दाखवायला असणार."

काकांच्या खिशात मोबाइल थरथरला आणि किल्लीवर आपटत राहिला. काकूच. घड्याळात सव्वाचार.

"म्हणजे तार पूर्ण तुटलीय?" मॅडमनी शांतपणे विचारलं.

"पूर्ण! केसाएवढा धागासुद्धा शिल्लक नाही. देवाशपथ."

"आणि तिथं दुसरी तार नाही?"

"छे हो, ही एकच. सगळं हिच्यावरच."

मॅडमनी फोनकडे पाहिलं. मग काकांच्या नव्या शर्टाकडे. शर्टाच्या कॉलरला अजून टाचणी होती.

"मग तुमचा आवाज कुठल्या तारेतून येतोय?"

पलीकडे धरणाचं पाणी पडताना ऐकू येऊ लागलं. स्वच्छ, जवळ असल्यासारखं. काकांनी किल्ली काढून हातात धरली.

"काका," शेवटी पहारेकरी हळूच म्हणाला, "किती वाजेपर्यंत पोचाल? जेवण झाकून ठेवतो."