हेडलाइटचं बटण

जुन्या गाड्यांचे झिजलेले स्विच नव्यासारखे करण्यात त्याचा हात धरणारा कोणी नव्हता. वडील मात्र पोटच्या मुलालाही ओळखेनासे झाले होते. रोज दुपारी तो त्यांना त्यांच्याच गाडीत बसवायचा. हेडलाइटच्या बटणावर चाळीस वर्षांत पडलेल्या खळग्यात अंगठा टेकला, की ते हमखास म्हणायचे, “बाळ्या, बस लवकर. शाळेला उशीर होईल.” तेवढ्यावर त्याचा दिवस निघायचा. एकदा दिवे लागेनात, म्हणून त्याने स्विच खोलला, आतले पॉइंट घासले आणि हाताच्या सवयीने बटणावरचा खळगाही बुजवून पॉलिश मारलं. दिवे लख्ख लागले. वडिलांचा अंगठा गुळगुळीत बटणावर बराच वेळ चाचपडत राहिला. मग ते अदबीने म्हणाले, “मिस्त्री, ही गाडी आमची नाही हो.” त्याने घाईघाईने कानस उचलली, पण खळगा किती खोल होता, ते त्याला काही केल्या आठवेना.