देव्हाऱ्यातला नट

टीव्हीवर चार वर्षं संताचं काम करणाऱ्या नटाचा फोटो शिवथरच्या येसूबाईने देव्हाऱ्यात कुलदैवताशेजारी ठेवला होता, आणि रोज सकाळी देवाच्या बरोबरीने त्यालाही फूल मिळत होतं. दोन वर्षांपूर्वी तो शिमग्याला गावात आला, तेव्हा येसूबाईच्या नवऱ्याने, रामाने, दुपारभर त्याच्या मोबाईलसमोर बसून स्वतः रचलेले फाग शिव्यांसकट गाऊन दाखवले. पुढच्या पावसाळ्यात रामा गेला.

परवा त्या नटाचा रॅपचा अल्बम आला. मुंबईहून आलेल्या साहिलने तो आजीला ऐकवायला मोठ्याने लावला, आणि पहिल्याच गाण्यात संतांच्या तोंडून अशा काही शिव्या बाहेर पडल्या की सून सरिता हातातलं पीठ झटकत धावत आली. "बंद कर रे ते! घरात देव हायत!"

येसूबाईने मात्र गाणं शेवटपर्यंत ऐकलं. मग शेणात पाय पडल्यासारखं तोंड करून ती उठली, देव्हाऱ्यातला फोटो दोन बोटांत धरून बाहेर काढला आणि चुलीत घातला.

"बरं केलंत, आई," सरिता म्हणाली. "संताच्या तोंडी काय त्या शिव्या!"

 

"शिव्यांना काय झालंय गो? तुझ्या सासऱ्याच्याच हायत त्या. पण टीव्हीत ह्यो अभंग म्हणायचा तेव्हा शेवटी संताचं नाव तरी घ्यायचा. जिथं 'रामा म्हणे' होतं, तिथं मेल्यानं सोताचं नाव घातलान!"