निषेधाचा फ्लेक्स

मोर्चा पांगला तेव्हा आई चौकात उभी राहून माझा फोटो बघत होती. दहा फुटी फ्लेक्स, त्यावर गळ्यात पदक घातलेली मी. खाली मोठ्या लाल अक्षरांत, माझ्याच संघातल्या तिघींनी या फोटोवर टाकलेली कमेंट: "चोराच्या पोरींना पळायला शिकवावं लागत नाही." आणि कोपऱ्यात, बारीक अक्षरांत, 'जाहीर निषेध'.

तिघींनी ती कमेंट तासाभरात काढून टाकली होती. पण गाव चिडलं, तालुका चिडला, चॅनलवाले आले आणि ते वाक्य पोराटोरांना पाठ झालं. आईला तेवढं कुणी सांगितलं नव्हतं. तिला वाटलं, मिरवणूक पदकाची होती.

"काय लिवलंय गं?" तिनं विचारलं.

"लई जोरात पळती, आसं."

आई हसली. आमच्या पालाचं छत फाटलं होतं. मोर्चावाल्यांना विचारून तिनं फ्लेक्स सोडवला आणि डोक्यावर घेऊन घरी आणला.

दोरी बांधताना मी म्हटलं, "आई, फोटो आतल्या बाजूनं घेऊ."

"का? दिसू दे की चारचौघांना."

"उन्हानं रंग उडंल."

ते तिला पटलं.

आता सकाळचा सराव करून आले, की मी पालात आडवी होते आणि ते वाक्य माझ्या तोंडासमोर असतं. पाल बुटकं आहे. आई शेजारी बसून लाल अक्षरांवरून सावकाश बोट फिरवते.

"एवढं तरी मला वाचाया शिकव की," काल ती म्हणाली.