न हलणारी गादी

“चपला काढा आणि घरी झोपता तसे झोपा,” विक्रेती म्हणाली. “दुकानात आहोत म्हणून सभ्यपणे झोपू नका. सगळे तीच चूक करतात.”

ड्रायव्हर लाजला. उभा जन्म बस चालवण्यात गेलेला, अंगानं थोराड माणूस. आता निवृत्त होता. दुकानाच्या काचेतून रस्त्यावरची माणसं आत डोकावत होती. त्यानं शर्ट खाली ओढला आणि हात छातीवर ठेवून गादीच्या कडेला पडला.

“बघा, कसे पाहुण्यासारखे पडलेत,” त्याची बायको म्हणाली. “घरी हातपाय पसरून अर्धं राज्य घ्यायचे.”

“घ्या काका, राज्य घ्या,” विक्रेती म्हणाली.

ड्रायव्हरनं हातपाय पसरले. गादी जाड होती, वरून लोण्यासारखी मऊ. दुकानातली सगळ्यात महागडी. विक्रेतीनं त्याच्या कमरेखाली हात सरकवून पाहिला. गिऱ्हाईक आडवं झालं की ती असा हात घालायची आणि मगच बोलायची.

“काका उताणे झोपणारे, वजनदार. तरी बूड फार रुतलं नाही आणि कंबर अधांतरी राहिली नाही. चालेल. काकू, आता तुम्ही. कुशीवर ना?”

“तुला कसं कळलं गं?”

“चालण्यावरून. उजवा पाय जपून टाकता.”

बायको डाव्या कुशीवर झाली. विक्रेतीनं तिच्या खांद्यापासून खुब्यापर्यंत नजर फिरवली. “कुशीवर झोपणाऱ्याचा खांदा आणि खुबा आत जायला हवा, नाहीतर सकाळी हात बधिर. तुमचा बरोबर गेलाय. कणा सुतात आहे. घरात पालथं कोणी झोपतं?”

“आमचे जावई. आले की लाकडाच्या ओंडक्यासारखे पडतात.”

“त्यांना यावर झोपवू नका. एवढ्या मऊ गादीत पोट खाली जातं आणि कंबर धरते. पालथ्या माणसाला ही गादी मी विकतच नाही.”

ड्रायव्हरला बाई आवडली. खरं बोलत होती. पण त्याला जे जाणून घ्यायचं होतं ते अजून कळलं नव्हतं.

गेल्या वर्षी बायकोच्या खुब्याचं ऑपरेशन झालं. ती घरी आली त्याच रात्री त्यानं झोपेत कूस बदलली, पलंग हादरला आणि ती कळवळली. तो उशी उचलून बाहेरच्या खोलीतल्या सोफ्यावर गेला, तो तिथलाच झाला. पुढे खुबा बरा झाला. ती जिने चढू लागली, बाजारातून जड पिशव्या आणू लागली. हा मात्र आत येईना. “मी असा रेड्यासारखा. वळलो आणि तुला परत काही झालं तर?” हे एकच पालुपद. सोफ्यावर त्याची मान आखडली, पाय बाहेर लोंबले. पण आत ती निवांत झोपते, एवढं समाधान होतं. मग या गादीबद्दल त्याच्या कानावर आलं. ‘एकाचा धक्का दुसऱ्याला लागत नाही, अशी गादी मिळाली तर येतो आत,’ असं त्यानं बायकोला सांगितलं होतं. ती त्याच्याबरोबर निघाली होती.

“मी वळलो तर हिला कळेल का?” त्यानं विचारलं.

विक्रेती हसली. तिनं काउंटरवरचा आपला भरलेला चहाचा कप आणला आणि दोघांच्या मध्ये गादीवर ठेवला.

“अहो, सांडेल!” ड्रायव्हर म्हणाला.

“सांडला तर गादी माझी. वळा काका. लाजू नका, पूर्ण वळा.”

ड्रायव्हर वळला. परत वळला. मग इरेला पेटून दाणकन उलटा झाला. चहावर साधा तरंग उठला नाही.

“प्रत्येक स्प्रिंग वेगळ्या कापडी पिशवीत शिवलेली आहे,” विक्रेती म्हणाली. “जिच्यावर वजन पडेल तीच दबते. शेजारणीला पत्ता नसतो.”

बायको डोळे मिटून पडली होती. “अहो, वळा की आता.”

“अगं, केव्हाचा वळतोय!”

“मला कळलंच नाही.”

“तेच तर!” ड्रायव्हर उठून बसला. लांबच्या गावाची बस वेळेवर पोचवल्यासारखा त्याचा चेहरा खुलला होता. “बांधा ही गादी.”

बायको उठली. चपला न घालताच दुकानात फिरली आणि भिंतीलगतच्या एका साध्या गादीजवळ थांबली. “ही कसली?”

“ती जुन्या पद्धतीची. सगळ्या स्प्रिंगा तारेनं एकमेकींना बांधलेल्या. एक हलली की सगळ्या हलतात. तुम्हाला उपयोगाची नाही, काकू.”

बायको तिच्यावर कुशीवर झाली. “अहो, इकडे या. पडा. आता वळा.”

तो बिचकत बिचकत वळला. गादी करकरली, बायको पाण्यातल्या होडीसारखी वरखाली झाली आणि खुदकन हसली.

“दुखलं?” तो घाबरून म्हणाला.

“छे. हीच घ्यायची.”

“काकू, त्या गादीत खोट तरी काय आहे?” विक्रेतीनं विचारलं. एवढी जमलेली विक्री तिच्या हातून कधी निसटली नव्हती.

“काही नाही गं. गादी झकास आहे. खुब्याला तर फारच छान.”

“मग डोकं फिरलंय का तुझं?” ड्रायव्हर म्हणाला. “तिच्यावर मी कितीही वळलो तरी तुझी बाजू हलत नाही!”

बायको त्याच्याकडे वळली. गादी पुन्हा करकरली.

“वर्षभर माझी बाजू हललेली नाही,” ती म्हणाली. “वर्षभर माझ्या डोळ्याला डोळा नाही.”